दोन काळजांचं यंत्र आणि दवाखान्याची वायर

ग्रासाताई,

तुझ्या गुडघ्यांसाठी रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. उतार पडला का ते कळव, नाहीतर आणखी एक लावते. भावोजींना नमस्कार. आता नीट बसून वाच, कारण गुरुवारी माझी नोकरी गेली आणि वीस मिनिटांत परत आली!

मी साफसफाई करते त्या ॲम्ब्युलन्सच्या ऑफिसात नवं यंत्र आलंय, कधी बंदच न पडणारं. आत सगळं दोन-दोन. एक कार्ड (यंत्रात खोचलेली पाटी गं) बिघडलं तर जोडीचं काम चालू ठेवतं आणि यंत्र आपणहून कारखान्याला फोन करून नवं मागवतं. (परवा कुरियरवाला खोका घेऊन दारात उभा आणि काय बिघडलंय ते ऑफिसात कुणालाच ठाऊक नाही! आमचे हे खोकून लाल होतील, पण औषध मागायचे नाहीत.) हे यंत्र ॲम्ब्युलन्स बोलावणाऱ्या लोकांचे पत्ते दवाखान्यातल्या जुन्या यंत्राला सांगतं. पण दोघांची बोली वेगळी, म्हणून वेंडेल नावाच्या इंजिनियरने मध्ये दुभाष्या बसवलाय. (माणूस नव्हे गं, प्रोग्रॅम.)

गुरुवारी मोठे साहेब चाचणी बघायला आले. असल्या यंत्राची रीतच आहे म्हणे, चालू असताना पाहुण्यांसमोर एक कार्ड उपटून दाखवायचं. वेंडेलने उपटलं, हात उंच केला. टाळ्या! यंत्र ठणठणीत. तेवढ्यात दवाखान्यातून फोन, "अहो, पत्ते यायचे थांबले!" (चाचणीचे खोटे पत्ते होते म्हणून बरं.) वेंडेलने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि त्याला माझी बादली दिसली. "हिनेच पाणी सांडलं असणार!" लगेच आमच्या मुख्य बाई, मिसेस हॅलोरन, म्हणाल्या, "फिलोमेना, किल्ल्या ठेव आणि घरी जा."

एकवीस वर्षं फरशी पुसतेय मी! डोकंच फिरलं. म्हटलं, "वेंडेलसाहेब, यंत्राची पाठ मी पुसते, तुम्ही नाही. हातात कार्ड धरलंय ना, त्याच्याच मागे दवाखान्याची वायर खोचलीय. आता तुमचा दुभाष्या बोलणार कशातून, माझ्या बादलीतून? काळजं दोन, डोकी दोन, आणि वायर एकच?" मोठे साहेब स्वतः मागे जाऊन वाकले. एकच! वेंडेल ओरडतोय, "शपथेवर सांगतो, दोन कार्डांना दोन लावल्या होत्या!" मी म्हटलं, "हो, दुसरी उडून गेली." सगळे खो खो हसले. मग दुसरी वायर आणून लावली. एक गेली की दुसरीतून बोलायचं, हे दुभाष्याला आधीच शिकवलेलं होतं म्हणे. पुन्हा कार्ड उपटलं, आणि पत्ते धो धो चालू! माझ्या किल्ल्या परत मिळाल्या, वर मोठ्या साहेबांनी हात मिळवला. ताई, हात अजून धुतलेला नाही!

तुझी,
फिलोमेना

ता. क. सोमवारपासून यंत्राच्या मागच्या वायरींवर नजर ठेवायचं कामही मलाच दिलंय.

दुसरा ता. क. हे पत्र वाचून जाळ. तुला पाठवलेला गोड पावाचा खोका ज्या करड्या वायरीने बांधला होता, ती उलट टपाली पाठव. यंत्राच्या पाठीमागे दोन लोंबत होत्या. म्हटलं, इथे सगळंच जोडीने आहे, एक काढली तर काय अडतंय! वेंडेल बिचारा रोज कपाटामागे शोधतो, त्याला ती सापडली पाहिजे. आणि पुसून पाठवू नकोस, थोडी धूळच लाव.