बिनतुसाच्या कोंबड्या

४ ऑगस्ट, सोमवार

आजही एक गेली. विमलक्का शेड झाडता झाडता मेलेली कोंबडी पायाला धरून घेऊन आली. "इन्नोंदु, मॅडम." म्हणजे कानडीत, आणखी एक. मागची बाजू पार टोचून खाल्लेली — बाकीच्या कोंबड्यांनी.

सगळं बिनतुसाच्या गटात. शेजारच्या गटाला तोच दाणा, फक्त त्यात भाताचं भरड तूस मिसळलेलं. त्यांची पिसं शाबूत. हेब्बाळच्या या शेडमध्ये आम्हाला हेच तर दाखवायचंय — अंडी देणाऱ्या कोंबडीला फायबर लागतंच. त्यात पोषण काही नाही, पण ते मिळालं नाही की ती शेजारणीची पिसं उपटून खाते. दाण्याची कंपनी निकालाची वाट बघतेय. फरक दिसला तर तूस राहील, नाहीतर काढून टाकतील. पोत्यात फुकट जागा अडवतं म्हणे.

म्हणजे प्रयोग झकास चाललाय. जयतीर्थ सर खूश. मला जेवण गेलं नाही.

९ ऑगस्ट

सरांना विचारलं, या गटाला थोडं तूस द्यायचं का? "स्वल्प धीर धर, अम्मा. यांनाही दिलं तर तुलना कशाशी करणार?" बरोबर आहे. माझे गाइड नेहमीच बरोबर असतात, तीच तर कटकट.

१२ ऑगस्ट

दिलं. दोन ओंजळी. अशा तुटून पडल्या की मला रडूच आलं.

२९ ऑगस्ट

रोज देते. टोचणं थांबलंय. विमलक्का रिकाम्या हातानं येते. उघड्या पाठींवर नवी पिसं फुटताहेत.

सर मात्र बुचकळ्यात. "मध्येच फरक मिटला कसा?" खोलीवर आले, तोच नाशिकहून आईचा फोन — गौरींना का येत नाहीस? कोंबड्यांना सोडून कशी येऊ, म्हटलं. ती हसली. तिला खरं सांगायचं होतं. नाही सांगितलं.

१० सप्टेंबर

शवविच्छेदन. पक्ष्याला दात नसतात, दळायचं काम पोटातलं गिझार्ड करतं. तूस खाल्लं की ते जाड, दणकट होतं. बिनतुसाच्या कोंबडीचं पातळ निघायला हवं होतं. सरांनी पहिलंच कापलं — जाड! आत तूस. भरड तूस तिथे अडकून राहतं, हे सेमिनारमध्ये मीच सांगितलं होतं. तेव्हा अक्कल कुठे शेण खायला गेली होती?

सर माझ्याकडे बघत राहिले. मग ते नळाखाली धुतलं, आतलं तूस वाहून जाईपर्यंत. दुसरं कापलं, तेही धुतलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

११ सप्टेंबर

केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. "खरं लिहिलं तर तुझी पीएचडी गेली, शमिका. मी डिसेंबरात रिटायर. पुन्हा प्रयोग होणार नाही. फरक आढळला नाही, एवढंच लिहूया. सरी?" ठीक ना?

"पण सर, कंपनी तूस काढून टाकेल."

"मग कोंबड्यांसाठी तुला बुडवू?"

सरी, म्हणाले मी. बाहेर येऊन हमसून रडले. किती चांगला माणूस. जो समोर दिसतो त्याची दया करून मोकळा झाला. मी तरी दुसरं काय केलं होतं? घरी आले, आंघोळ केली, तरी हाताचा वास जाईना.

२४ सप्टेंबर

कंपनीचा निर्णय आला. पुढच्या महिन्यापासून सगळ्या दाण्यातून तूस बंद. लाखो कोंबड्या तो दाणा खातात. सोबत म्हैसूरपाकचा डबा. सरांनी माझ्याकडे न बघता एक तुकडा पुढे केला. मी खाल्ला.

२५ सप्टेंबर

सकाळी कंपनीला मेल पाठवली. तूस मी घातलं, हे लिहिलं. सरांना ते माहीत होतं, हेही लिहिलं.