आईच्या ताटातली तुकडी

मुंबई,
ता. १० नोव्हेंबर १९८७

चि. सौ. मालन हीस गंगारामचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईचा हात मोडल्याचं तुझ्या विमला वहिनीच्या पत्रातून कळलं. तू राजापूरहून लगेच गावी, काळबादेवीला आपल्या घरी धावलीस, म्हणून जरा धीर आला. नाहीतर आबांनी कसला तरी झाडपाल्याचा लेप लावून तिला पुन्हा चुलीपुढे बसवलीच असती. पण शिमग्यात डावा हात, आता उजवा. आणि पडली कुठून, तर ओट्याच्या एका पायरीवरून! एवढ्याने कुणाचं हाड मोडतं का गं?

गोदीतल्या दवाखान्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशांत ओमेगा-तीन नावाची चरबी असते, ती हाडांना उपयोगी पडते का यावर परदेशात संशोधन चाललंय. अजून पक्कं काही नाही. तरी आईला मासे देत जा, असं त्यांचं म्हणणं. मला हसूच आलं. आमच्या घरी बांगड्याशिवाय चूल पेटत नाही, आई जन्मभर तेच खात आली, असं मी सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, मग दुसरा काही आजार नाही ना, ते बघून घ्या. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. फोटो काढून, रक्त तपासून मला ताबडतोब कळव. वाईट असलं तरी लपवू नकोस.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
दादा

काळबादेवी,
ता. २१ नोव्हेंबर

ती. दादास मालनचा शि. सा. न. वि. वि.

घाबरू नकोस. रत्नागिरीच्या डॉक्टरांना दुसरा आजार काही सापडला नाही. हाडं मात्र फार विरळ झालीत म्हणाले. पुढच्या वेळी खुब्यावर पडली तर अंथरूण सुटायचं नाही, हेही म्हणाले. आईला हे सांगितलेलं नाही. दूध पिते का, मासे खाते का, असं त्यांनी विचारलं. मी तुझ्यासारखंच ठसक्यात सांगितलं, मासे तर रोज. किती तुकड्या, असं त्यांनी विचारलं, आणि ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

मग आठ दिवस नीट पाहिलं. आधी आबा आणि तुझी दोन्ही पोरं बसतात. आबांच्या ताटात दोन तुकड्या, पोरांना मागतील तेवढ्या. कुणी आलंगेलं असलं तर त्यालाही. मागून आई आणि विमला वहिनी. तोवर तपेल्यात नुसतं कालवण उरलेलं. आई ते भातावर घेते आणि उठते. विचारलं तर म्हणे, मला काट्यांचा कंटाळा. आठवतं, आपल्या लहानपणीही हेच सांगायची, आणि समुद्राकाठी राहून काट्याला भिते म्हणून तू तिला चिडवायचास?

काल तिला आधी बसवली. हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून भरवायचं मलाच. काटे काढून बांगडा भरवला. नको नको म्हणत खाल्ला. मग खाली मान घालून, पोरांना पुरेल ना, असं विचारलं आणि आणखी एक तुकडी मागून घेतली. दादा, तिला बांगडा आवडतो रे. मला तिथे बसवेना.

तुझी काळजी थोडी तरी उतरो.
तुझी मालन

मुंबई,
ता. २ डिसेंबर

चि. सौ. मालन हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून स्वतःचीच लाज वाटली. एवढी वर्षं मी तिच्या वाटणीच्या तुकड्या खाल्ल्या आणि वर तिलाच हसलो. डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. चार बांगड्यांनी या वयात हाडं नवी होत नाहीत, गोळ्या आणि दूध चुकवू नका, उन्हात थोडं चालवत जा, असं म्हणाले. म्हणजे धास्ती आहेच. आबांना वेगळं पत्र टाकलंय, यापुढे आई त्यांच्याच पंगतीला बसेल म्हणून. ते रागावतील. रागावू देत.

पण तुझ्या पत्रातली एक ओळ पुन्हा पुन्हा वाचतोय. मागून आई आणि विमला बसतात, असं तू लिहिलंस. आईच्या ताटाचं सगळं सांगितलंस. विमलाच्या ताटात काय असतं, ते मी लग्न झाल्यापासून कधी विचारलं नाही, आणि तुलाही लिहावंसं वाटलं नाही.

आणि तू गं? राजापुरास सासरी तू कुणाच्या मागून जेवतेस? खरं लिही.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझा दादा