अंगठ्यावरची नदी

५ जानेवारी, सोमवार

नवं वर्ष, नवी डायरी, नवी नोकरी. डायरी निखिलच्या ऑफिसात कुणी विमा एजंट फुकट वाटून गेला. नोकरी मात्र मी स्वतःच्या डोळ्यांच्या जिवावर मिळवली. इतकी वर्षं औषधांच्या खोक्यांवरची छपाई तपासली, मग प्रेस गुजरातला गेली आणि गीतांजली मॅडम घरी बसल्या. आता पुन्हा पावण्यातच, एमआयडीसीत. खाली पावडर कोटिंगचा कारखाना, वर विजयमाला मॅडमचा गाळा. खाली नुसती धडधड, आणि वर एसी, जाड पडदे आणि इंग्रजांच्या काळातली पोस्टाची तिकिटं. मॅडम ती ओळखून, प्रकार लावून संग्राहकांना विकतात. बाई साठीच्या, अंगावर कॉटनची साडी आणि पायात स्पोर्ट्स शूज. मुलाखत म्हणजे काय, तर एकसारखी दिसणारी तिकिटं माझ्यापुढे टाकली आणि वेगळं कुठलं ते विचारलं. मी एका राणीच्या हनुवटीवर बोट ठेवलं. बाई खूश.

कुरकुर एकच. गाळ्याची लिफ्ट फक्त मालाची, आणि आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीची दिवाळीपासून बंद. त्यात माझी टाचदुखी. डावी टाच टेकली की कळ थेट गुडघ्यात जाते. म्हणून मी जिना चढते तो एक पाय दणकन आणि एक पाय चवड्यावर, हळूच. जाईला तो आवाज पाठ आहे. मी बेल वाजवायच्या आत कडी काढून दारात हजर. सात वर्षांची पोरगी, पण कान मांजराचे. आज दारातच विचारलं, राणीने तुला काय दिलं? म्हटलं, टाचदुखी.

९ जानेवारी, शुक्रवार

काम आवडलं बुवा. सध्या अर्ध्या आण्याचं निळं तिकीट चाललंय. वरवर बघितलं तर सगळ्या राण्या जुळ्या बहिणी. भिंग डोळ्याला लावलं की एकीची हनुवटी भरलेली निघते, एकीच्या अंबाड्याची रेघ तुटलेली. काही तिकिटं काळ्या थाळीत पालथी घालून वर बेंझिनचे थेंब सोडायचे, मग कागदातला वॉटरमार्क वर येतो. वासाने डोकं चढतं, पण बघायला मजा येते.

आज एक भारी प्रकार कळला. काही तिकिटं सरकारनेच मागाहून, जुन्याच नमुन्यावरून पुन्हा छापली. त्यांना खोटी म्हणता येत नाही आणि खरीही म्हणता येत नाही. राणी तीच, रंग उलट जास्त छान. पण ती कधी कुठल्या पाकिटावर बसली नाही, कुठल्या गावाला गेली नाही, शिक्का खाल्ला नाही. मी विचारलं, मग ओळखायची कशी? मॅडम म्हणाल्या, "फार नीटनेटकी दिसली की संशय घ्यायचा. समोरून बघणारा फसतो. उलटं करून बघायचं." अशा तिकिटाच्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीकसा त्रिकोण काढायची पद्धत आहे, म्हणजे पुढचा माणूस फसत नाही. माझ्या आधी सुगत म्हणून एकजण होता, त्याचे त्रिकोण छापल्यासारखे रेखीव आहेत. त्याने नोकरी का सोडली ते मॅडमनी सांगितलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळाचे लाडू दगड झाले, निखिलने तरी दोन खाल्ले, चांगला आहे बिचारा.

जाईच्या बोटात झाडूचं कुसळ गेलं होतं आणि ते काही दिसेना, म्हणून मी काल गाळ्यातलं भिंग पर्समध्ये टाकून आणलं. मॅडमचा नियम आहे, भिंग घरी न्यायचं नाही. सुगत न्यायचा म्हणे, आणि मग त्याचं बिनसलं. मॅडम हसत म्हणाल्या होत्या की घरच्या माणसांकडे भिंगातून बघू नये. असेल काहीतरी धंद्यातलं सोवळं. कुसळ निघालं, काम झालं.

मग जाईबाई भिंग सोडेनात. पप्पाच्या नाकातले केस बघितले, पालीची शेपटी बघितली, शेवटी माझा उजवा अंगठा धरला. लहानपणी गुहागरला नारळ खवताना विळीवर कापलं होतं, आईने हळद दाबली होती, त्याचा वाकडा व्रण आहे तिथे. जाई म्हणाली, "आई, तुझ्या अंगठ्यावर नदी आहे." मग ती नदी कुठून निघते आणि कुठे जाते, त्यात मगर आहे का, यावर जेवण होईपर्यंत चर्चा.

२१ जानेवारी, बुधवार

आज वेडेपणाच झाला. थाळीवर वाकले होते, पडदे बंद, बेंझिन जरा जास्त पडलं. त्या काळ्या थाळीत माझंच तोंड दिसत होतं आणि ते माझ्या आधी हललं असं वाटलं. पुढचं आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा गाळ्यातल्या सतरंजीवर पालथी होते, केस मानेवरून बाजूला केलेले, आणि मॅडम शेजारी बसून होत्या. हातात पेन्सिल तशीच. वारा लागावा म्हणून केस सारले म्हणाल्या. पाणी दिलं, रिक्षा करून दिली, बेंझिन बेताने वापर म्हणाल्या. बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

२३ जानेवारी, शुक्रवार

चक्कर आली ते बरंच झालं म्हणायचं. काल आणि आज टाच अजिबात दुखली नाही. जिना धडाधडा चढते. काल माळा आवरला, आज पुरणपोळी केली, एकही फुटली नाही. निखिल म्हणाला, गीता, फॉर्मात आहेस.

फक्त जाई. कालही दार उघडायला आली नाही, आजही नाही. मला बेल वाजवावी लागली. आतून विचारलं, कोण आहे? मी म्हटलं, मी आहे गं. तरी बराच वेळ कडी निघेना. पोळीला हात लावला नाही. शाळेत काही झालंय का, विचारायला हवं.

२७ जानेवारी, मंगळवार

शाळेत काही झालेलं नाही. बाईंनी सांगितलं, छान आहे, खेळते, डबा संपवते. मग घरीच काय होतं हिला? माझ्याशी बोलते ते पाहुण्यांशी बोलावं तसं. थँक्यू म्हणते. सकाळी वेणी घालायला बसवलं तर मानेवरचे केस दोन्ही हातांनी दाबून धरले आणि किंचाळली. निखिल म्हणतो टेन्शन घेऊ नकोस, वय आहे. सात हे कसलं वय?

जुने फोटो काढून बसले. डोळे तेच, पुढचा पडका दात तोच. समोरून सगळं बरोबर आहे. तेच तर खटकतंय.

काम होत नाहीये. मी राण्या बघते आणि मला जाई दिसते. मॅडमना सांगावंसं वाटलं, पण त्या हल्ली माझ्यासमोर आल्या की चष्मा पुसत बसतात.

३० जानेवारी, शुक्रवार

सुगतला गाठलं. भिंग घरी नेलं तेव्हा त्याने काय बघितलं ते मला विचारायचंच होतं. खालच्या वॉचमनकडून पत्ता काढला आणि दुपारी सुट्टी टाकून बोनकोड्याला गेले. त्याची आई, सुंदराबाई, मूळच्या परभणीकडच्या. दारात बसून मेथी निवडत होत्या. सुगत घरातच होता. स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला, हसून नमस्कार केला. तिकिटांचं विचारलं तर कुठली तिकिटं म्हणाला. माझ्यासाठी पाणी आणायला वळला, तेव्हा मानेवर, केसांच्या खाली, दिसला. त्रिकोण. पेन्सिलीचा.

सुंदराबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं की मला कळलंय. हळूच म्हणाल्या, "त्याला काय इचारू नका, बाई. पयला लई चिडका व्हता, मला वरडायचा. ह्यो गुनाचा हाय. माझ्या ताटात जेवतो."

मी विचारलं, मग पहिला कुठे आहे? त्या मेथी निवडत राहिल्या. मग सांगितलं की येतो कधीमधी संध्याकाळचा, दारापर्यंत. कडी वाजवतो, आये म्हणून हाक मारतो. त्या दार उघडत नाहीत.

परत येताना रिक्षात रडले. कसली आई ही!

२ फेब्रुवारी, सोमवार

म्हणजे माणसांचंही होतं. तीच राणी, तोच रंग, पण प्रवास न केलेली.

माझी जाई बाहेर आहे. कुठेतरी ह्या खांदेश्वरात फिरत असेल. मी कामावर असताना जिना चढून येत असेल, दार वाजवत असेल — आणि मी हिला वरणभात भरवतेय. हिला पांघरूण घालतेय.

मी सुंदराबाई नाही. मला गुणाची नको. मला माझी हवी.

मानेवर बघायचं. समोरून नाही. उलटं करून. भिंग आणि बेंझिनची छोटी बाटली पर्समध्ये टाकली आहे. खूण निघाली तर हिला घराबाहेर — निखिलला सांगायचं नाही. तो आडवा येईल.

४ फेब्रुवारी, बुधवार

दुपार. शाळा लवकर सुटली. निखिल ऑफिसात. जाई पालथी झोपली होती.

केस बाजूला केले. भिंग लावलं. डास चावून खाजवलेला डाग. फ्रॉकचा एक धागा. तो तीळ, जन्मल्यावर मी पहिल्यांदा ज्याचा मुका घेतला होता. कापसाने बेंझिन लावलं. काही वर आलं नाही. काही नाही. पोर माझीच आहे. माझीच. रडू फुटलं.

गार लागलं म्हणून ती जागी झाली. ओरडली नाही. माझ्या हातातलं भिंग घेतलं. माझा उजवा अंगठा धरला आणि कितीतरी वेळ बघत बसली. मग डावा बघितला. मग परत उजवा.

"नदी नाहीये," म्हणाली.

नाहीये. मीही बघितलं. अंगठा कोरा आहे, नव्या कागदासारखा.

पण मला आठवतं! विळी आठवते, नारळ आठवतो, आईच्या बोटांची हळद — सगळं आठवतं. मग व्रण गेला कुठे —

फोनने माझ्याच मानेचा फोटो काढला. केस वर धरून. आहे. खालच्या कोपऱ्यात. सुगतसारखा रेखीव नाही, जरा कापऱ्या हाताचा. मॅडमचा. पेन्सिल हातात होती. मला पालथी घालून बघितलं होतं —

पुसला. बेंझिन ओतून पुसला. कातडं सोललं. जात नाही.

तीच तारीख, संध्याकाळ

जाई बाहेरच्या खोलीत, दाराला पाठ लावून बसली आहे. मी जवळ गेले तर घाबरली नाही. उलट माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, "तू चांगली आहेस. पण आई कधी येणार?"

काय सांगू. मी आई आहे. मला तुझा ताप आठवतो, तुझा पहिला दात, तुझ्या कुसळाचं बोट. मी पुरणपोळ्या केल्या. मी तुझ्यासाठी बोनकोड्याला गेले. हा प्रवास नाही तर काय आहे? एवढ्या दिवसांत काहीतरी उमटलं असेल ना माझ्यावर — एक तरी शिक्का —

मला कुठे जायचं नाही. कुठे जाणार मी —

जिन्यात कुणीतरी आहे.

चढतंय. एक पाय दणकन. एक पाय हळूच. चवड्यावर.

जाईने मान वर केली. कित्येक दिवसांनी हसली.

एक दणकन. एक हळूच. आमच्याच मजल्यावर. बेल वाजली नाही अजून. नको उघडूस, जाई. सुंदराबाई उघडत नाहीत, तू पण — राजा, नको —

ती उठली. कडीकडे हा