बाबा, दात काढून घ्या

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणाची आबाळ नाही. आईचे गुडघे कसे आहेत?

एक आनंदाची बातमी. दाताचं मूळ हाडाशी धरून ठेवणारा एक पातळ पडदा असतो. त्यातल्या मूळ पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून नवा पडदा तयार होऊ शकतो त्या, आम्ही प्रयोगशाळेत वाढवतो. माझी अक्कलदाढ काढली, तेव्हा मी ती प्रयोगालाच दिली होती. काल तिच्या पेशींनी बशीत नवा पडदा धरलेला दिसला! शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावलं. त्या "छान" म्हणाल्या आणि जेवायला निघून गेल्या. मग मी एकटीच बघत बसले. इथे माझ्या रक्ताचं म्हणावं असं तेवढंच आहे.

पण मग ताईचा फोन आला. डॉक्टर हलणारे दात काढा म्हणतात, आणि तुम्ही म्हणता, "थांबा, माझी मुलगी इलाज शोधतेय."

बाबा, बशीतलं तोंडात यायला अजून बरीच वर्षं लागतील. तोवर तुमच्या हिरड्या थांबणार नाहीत, त्यात तुम्हाला साखर. माझ्यावरच्या विश्वासापायी दुखणं अंगावर काढू नका. ताईबरोबर जा आणि दात काढून घ्या.

कवळी बसेपर्यंत शब्द बोबडे येतील, म्हणून फोन मात्र टाळू नका. इथे दिवसदिवस मला कोणी नावाने हाक मारत नाही. बोबडी तर बोबडी, पण तुम्ही मारा.

तुमची,
धाकटी