ऋषीच्या नावावरचं ऑपरेशन

६ जानेवारी

आज सांगलीत मामाकडं ऱ्हायला आलो. वडूजवरनं सकाळची येष्टी धरली, विट्यात च्या पिलो, स्टँडवर उतरलो तर ऋषी गाडी घिऊन हजर. ऋषिराज म्हंजी माजा मामेभाऊ. माज्यापरास आठ म्हैन्यानं मोटा, पन आमी दोगं सारकंच दिसतो. माजी पिशवी त्येनंच उचलली. म्हनला, पेशंटनं वजन उचलायचं न्हाई, पेशंटनं नुसतं मिरवायचं. लय हसलो.

ही वही मिरजंच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं दिल्या. ल्हानपनी सांदं सुजून ताप आल्ता, त्यात काळजातली एक झडप आवळली. ती बदलायची हाय. तारीख मिळूस्तवर रोज लिवायचं. रातीत किती येळा उठलो, उशा किती लागल्या, पानी किती पिलो. मला बोलाय जमत न्हाई, तवा लिवायचं काम बरं वाटलं. शाळा आठवीतनं सोडल्या, चुका असतील.

नावाचं सांगतो. मी गुंडा. आज्याचं नाव ठिवलंय. वर्गातली पोरं म्हनायची, जीव एवडासा आन नाव बगा. शाळंच्या तपासनीत घावलेल्या पोरांचं ऑपरेशन फुकट हुतं, पन माजं नाव आता कुटल्याच शाळंत न्हाई. म्हनून मामानं ऋषीचं कार्ड लावलं. आधारवरचा फोटू ल्हानपनीचा, कुनाच्याबी पोराचा वाटंल असा. दवाखान्यात मी ऋषिराज भाऊसो. सिस्टर त्या नावानं हाक मारती तवा खरं सांगायचं तर बरंच वाटतं.

उशा तीन. उठलो एकदा. पानी पाच पेलं.

९ जानेवारी

मामी माजी आमटी बिनमिठाची येगळी करती. मामा म्हनला, तुज्यापायी मलाबी आळनी खायची येळ आली, पन चालतंय गड्या, बीपी कमी हुईल.

मी आन ऋषी एका खोलीत, दोन कॉट. रातच्याला आडवं झालं की छातीत पानी चढल्यागत हुतं. दोन तासानं दम कोंडून जाग येती. मग पाय खाली सोडून खिडकीपाशी बसायचं, तोंडानं हवा घ्यायची. धा-पंदरा मिंटात उतरतं. धडधड मातर कानापतूर येती. ऋषी उटून पाट चोळतो. म्हनतो, तुज्या छातीत कुनीतरी मळनी चालू केल्या रं.

त्यो पहाटं भरतीच्या अकादमीत पळाय जातो. मी बगत बसतो.

१५ जानेवारी

ऋषीनं आज दवाखान्यातलं समदं इचारून घेतलं. इकोच्या खोलीत कुटल्या कुशीवर निजवत्यात, ते गार मलम कुटं लावत्यात, डॉक्टर काय काय इचारत्यात. माजी एवडी इचारपूस कुनीच केली न्हवती. बोलत बसलो, मला एवडं बोलाय येतं हे मलाच म्हाईत न्हवतं.

उशा तीन. उठलो दोनदा.

२४ जानेवारी

रातच्याला जाग आली ती दमानं न्हाई. छातीवर वजन हुतं. डोळं उगडलं तर ऋषीचं डोस्कं. कान लावून आयकत हुता. मी हाललो तसा उटला, आपल्या कॉटवर गेला. सकाळी इचारलं तर म्हनला, सपान पडलं आसंल तुला.

पन बनियनला त्येच्या डोक्याचं तेल लागलंय.

उशा चार. उठलो तीनदा.

३ फेब्रुवारी

मामाला तारखंचं इचारलं. म्हनला, यादी लांब हाय, नंबर आला की फोन येतोयच. मामी आता डोळ्याला डोळा देत न्हाई. आमटीत आज मीठ हुतं. म्हनली, ध्यानात ऱ्हायलं न्हाई. पाय सुजल्यात, बोट दाबलं की खड्डा तसाच ऱ्हातो.

ऋषी सोळाशे मीटर साडेपाच मिंटाच्या आत पळाय लागला. मला जिना चढताना तीन येळा बसाय लागतं. रातच्याला मी हवंसाठी तोंड वासतो आन पलीकडं त्यो पोटभर श्वास घेतो. कवाकवा वाटतं माज्याच वाटणीचा घेतोय. याड्यासारका इचार हाय. पन येतो.

१२ फेब्रुवारी

आज कुनाला न सांगता रिक्षानं दवाखान्यात गेलो.

वळकीची सिस्टर रजेवर. खिडकीतल्या मानसानं ऋषिराजची फाईल काडली. म्हनला, हे मिटलंय की. २७ तारखंला परत इको झाला, झडप एकदम चांगली, ऑपरेशनची गरज न्हाई. वडलांनी लिहून दिलंय, पयल्या येळंला दुसऱ्याच पोराचा कागद लागला म्हनून. खाली मामाची सही. वरती १० फेब्रुवारीची तारीख हुती, ऑपरेशनची. तिच्यावर आडवी रेघ.

२७ तारखंला मी घरात हुतो. खिडकीपाशी.

ऋषी जाऊन निजला माज्या फाईलीवर. माज्याकडनं शिकून.

मी म्हनलो, मी गुंडा, दुखनं माजं हाय. त्यो म्हनला, गुंडा नावाचा कागद दाव. मागं रांग हुती, मानसं बगाय लागली. डॉक्टरला बोलवा एवडंच म्हनायचं हुतं. तोंडातनं निघंना. परत आलो.

१३ फेब्रुवारी

आईला फोन केला. तिला म्हाईत हुतं. म्हनली, ऋषीच्या नावावर काळजाचं ऑपरेशन लागलं तर त्येला भरतीत कोन घील? माज्या दादानं, तुज्या मामानं, आपल्यासाटी लय केलंय. एवडी भरती हू दे, मग तुजं बगू की. तुजं वडील, आण्णा बी तसंच म्हनत्यात.

मी इचारलं, तवर?

आई रडाय लागली. फोन आण्णांनी घेतला. म्हनलं, मोट्यांच्या मधी बोलू नगंस.

१५ फेब्रुवारी

उशा पाच. झोप न्हाई. बसूनच.

ऋषीला म्हनलो, तू तरी सांगायचं हुतंस. त्यो भिंतीकडं तोंड करून म्हनला, तुज्या छातीतला आवाज आयकला तवाच मी भ्यालो रं. आपल्या नावाचं कायबी आसलं तरी आपल्यालाच लागतंय.

पाट चोळली न्हाई.

१७ फेब्रुवारी

खोकल्यात गुलाबी फेस. रुमाल मामीला दावला. तिनं मोरीत धुतला. वाळत न्हाई घातला, जाळला—

पानी मोजलं न्हाई.

१८ फेब्रुवारी

कुनीतरी जागं हाय पलीकडं. मी दम धरला की त्योबी धरतो. आयकतोय. चालू हाय का बंद पडलं, तेवडंच आयकतोय—

हाक मारली. दोनदा.

म्हनला, उद्या भरतीचं ग्राऊंड हाय, झोपू दे.

१९ फेब्रुवारी, रात

आण्णा आलं! वडूजवरनं, भाड्याची गाडी घिऊन. मामा म्हनला, चल, दवाखान्यात न्यायचंय. मामीनं केस इंचरलं. मी सगळं माफ केलं. खरंच केलं. गाडीत बसून लिवतोय, आक्षर हालतंय.

डॉक्टरला सांगनार. बोलनार ह्या टायमाला. गुंडा म्हनून—

मिरजंकडं वळायचं हुतं. माधवनगरची पाटी गेली.

आण्णा, दवाखाना मागं ऱ्हायला.

आण्णा म्हनलं, घरी चाललोय बाळा. घरचं बरं. हितं काय झालं तर मामाला तरास.

मामानं शीट मागं पाडलं. आडवा पड म्हनत्यात. आडवं नगं, आडवं झालं की— सांगतोय, आयकत न्हाईत—

आण्णांचा हात छातीवर. दाबत्यात. माया करत्यात का

पड म्हनत्यात, झोप लागंल, पड, मला बसूं द्या, मला फकस्त बसूं—