निळ्या पैलवानाच्या मानेतली तार

आण्णा,

आपल्या जुन्या खेळण्यातल्या निळ्या पैलवानाच्या मानेत तांब्याची तार आवळलेली आहे. औशाच्या घड्याळ दुरुस्तीवाल्यानं काल माझ्यासमोर त्याला उघडलं आणि सांगितलं, "ही कंपनीची न्हाई साहेब, कुणीतरी हातानं बसवलीय." तारेचं टोक आत वळवलेलं होतं, बोटाला लागू नये म्हणून. नायगावच्या दुकानात रेडिओ दुरुस्त करताना तुम्ही प्रत्येक तार अशीच वळवायचात. म्हणून संशय तुमच्यावर आहे. वर्तमानपत्रात आयुष्य गेलं; खात्री केल्याशिवाय मी लिहीत नाही.

हा खेळ हल्ली पुन्हा दुकानांत आलाय. पिवळं रिंगण, समोरासमोर दोन प्लास्टिकचे पैलवान, अंगठ्यानं बटण दाबलं की ठोसा, आणि ठोसा हनुवटीवर बसला की डोकं टकदिशी वर; ज्याचं डोकं निघालं तो हरला. लोक तो बघून हळवे होतात. मला तसं होत नाही. दहावीनंतर आम्हा दोघांपैकी एकालाच लातूरला शिकायला पाठवता येणार होतं. ताई वर्षानं मोठी, पण सोबत म्हणून माझ्याच वर्गात घातलेली, आणि मार्क तिचे जास्त. तुम्हाला कुणालाच नाही म्हणवेना. तुम्ही खेळ स्टुलावर ठेवलात. "भांडू नका. पाच डाव. ज्याचा पैलवान टिकंल, त्यो जाईल." आई भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरीचं शिक्षण खेळण्यावर ठरवायलाव व्हय?" ताई इतक्या जोरात बटणं दाबतेय की स्टूल हलतंय. तिचे ठोसे बसतायत आणि माझ्या निळ्याचं डोकं काही निघत नाही. पाचही डाव मी जिंकलो. "तुझ्या पैलवानाची मान लई कडक हाय रे," एवढंच ती म्हणाली आणि माझी ट्रंक भरायला बसली. पुढच्याच वर्षी तिला हिमायतनगरला दिली.

तार माझ्यासाठी बसवलीत, की डोकं सारखं निसटतं म्हणून साधी दुरुस्ती केलीत, हे तुम्ही गेल्यावर आता कुणाला विचारू? हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून सांगून टाकतो. निळ्याचं डोकं निघत नाही, हे मला आदल्या दिवशी एकट्यानं खेळतानाच कळलं होतं. म्हणून तुम्ही खेळ स्टुलावर ठेवताच, हाक मारायच्या आधीच मी निळ्याच्या बाजूला जाऊन बसलो होतो.

घड्याळवाल्यानं विचारलं, तार काढू का? मी म्हणालो, राहू दे. रविवारी ताई नातीसाठी हा खेळ न्यायला येणार आहे. फोनवर म्हणाली, "आधी एक डाव खेळू. निळा मला." ती जिंकेल. मग ती मान बोटानं चाचपून बघेल, आणि नंतर माझ्याकडं.