सागवानाला पांढरा हात

१० नोव्हेंबर, सोमवार
विनीता अकोल्याला गेली, भाचीच्या डोहाळजेवणाला. शनिवारी परत. रविवारी आमच्या हॉलमध्ये तिची पहिली एकटीची कथकची बैठक. बावन्नाव्या वर्षी! गुरुजी स्वतः येणार. रियाझासाठी तिने हॉलभर सागवानी लाकडी जमीन करून घेतली आहे. पाय घसरू नये म्हणून पॉलिशही नाही. मला तो पिवळट रंग डोळ्यांत खुपतो. व्हिडिओत पाहिलं, लाकडाला पांढरा हात दिला की खोली उजळते. सरप्राइज! आजवर बायकोचा एकही कार्यक्रम पाहिलेला नाही. (कॉन्फरन्स, टूर, एकदा नुसताच कंटाळा.) एका फटक्यात भरपाई.

११ नोव्हेंबर
व्हिडिओतला माणूस डब्यातला रंग वापरतो. केमिकल! मी चुना वापरणार. स्वस्त, शुद्ध, नॅचरल. इथल्या अमीनाबाद बाजारातून आणला. आधी कोपऱ्यात ट्रायल घ्यावी, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी बजावतो. पण ते विद्यार्थी.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ
अख्खा हॉल मारला. कंबर गेली. ओलं असताना फिकं दिसणारच. चुना वाळल्यावर खुलतो.

१३ नोव्हेंबर, सकाळी ६
वर पांढरी भुकटी. पुसली. खाली काळं. आणखी पुसलं, आणखी काळं! बीपीची गोळी घेतली. बहुधा लाकूडच नकली असावं.

दुपार
शिवांगीला फोटो पाठवला. मुलगी बंगलोरला, वाढली इथे हिंदी मुलखात; मराठी समजते, बोलते हिंदीत. म्हणाली, पापा, आपकी पीएचडी तो टॅनिन पर ही है ना? सागवान में टॅनिन नहीं होता क्या? उद्धट कार्टी. चुन्याने लाकडातलं टॅनिन काळवंडतं हे मला ठाऊक आहे. इतक्या वेगाने, हे लिटरेचरमध्ये नाही. पेपर होऊ शकतो.

१४ नोव्हेंबर
दिवसभर पॉलिश पेपर घासला. बोटांची सालटी निघाली. एक चौकोन पूर्वीसारखा झाला. पाटाएवढा. विनीताचा फोन आला. हॉल झाडून ठेवाल ना, म्हणाली. हो म्हटलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
आली. दारातच थांबली. मी उजेडाचा मुद्दा मांडला. ती चप्पल काढून आत गेली, पाय आपटून पाहिला, तळवा पाहिला. काळा. ओरडेल म्हणून मी सज्ज होतो. ती सरळ शेजारच्या श्रीवास्तव भाभींकडे जाऊन आली. बैठक आता त्यांच्या हॉलमध्ये. मोझेइकच्या फरशीवर. नुसत्या दगडावर तिचे गुडघे दुखतात, हे मला आजच कळलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळी डोक्यात लख्ख प्रकाश. चुना अल्कली, म्हणजे उतारा आम्ल, म्हणजे व्हिनेगर! सगळे परत आमच्याकडे येऊ शकतील. विनीता घुंगरू घेऊन निघाली. म्हणाली, बरोब्बर पाचला सुरू. निदान आज तरी या, तुमच्यासाठी पुढे खुर्ची ठेवलीय. आलोच म्हटलं. एक हात मारतो फक्त. पाच मिनिटांचं काम.

डाग थोडा हलला. मग दुसरा हात मारला. कडेने चक्क सुधारणा दिसत होती, तशात कोण उठणार? भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू आल्या. म्हटलं, वा, सुरुवात झाली. हात धुतले, झब्बा घातला, गेलो. भाभी दारातच भेटल्या. अरे भाईसाहब, कहाँ रह गए, क्या नाची हैं! सगळे समोसे खात होते. माझ्या खुर्चीवर कुणाची तरी पर्स होती.